बोटीवर देतो

गौरी जेवल्या त्या रात्री माळ्यावरची पितळी समई काढताना तिच्यामागून वही निघाली. उभी, लाल कापडी पाठीची, दोरीनं शिवलेली. आजोबांची उधारीची वही, सन 1968. पानांच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण मधली शाई शाबूत होती. अक्कानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गूळ अर्धा शेर, घासलेट एक बाटली, चहापूड, विड्या. आणि बहुतेक नावांपुढे आजोबांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरात एकच शब्द : बोटीवर.

आमच्या मुलांना त्याचा अर्थ सांगावा लागला. आम्हा चौघा भावंडांचा तो ऐकूनच गळा दाटून आला.

आमच्या रेवस गावातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस तेव्हा मुंबईत असायचा, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी भाऊच्या धक्क्यावर हमालीला. आमचे बाबाही गोदीत. पगार झाला की शनिवारच्या लाँचनं तो माणूस यायचा आणि त्याच्याबरोबर पैसे यायचे. तोवर बायका दुकानात यायच्या, सामान घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बोटीवर देते हो काका." आजोबांनी कधी कुणाला तारीख विचारली नाही. बोट म्हणजेच तारीख.

वहीची शेवटची पानं कोरी होती. दादानं पेन्सिल घेतली आणि धक्क्यापासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता काढायला बसला. कुठलं दुकान कुठल्या दुकानाला लागून होतं यावर वाद झाला, तो रात्री साडेअकरापर्यंत चालला. धक्क्याच्या तोंडाशी चहाचं हॉटेल, यावर एकमत. त्याच्या शेजारी सायकलवाला की गोटी सोडावाला? दादा म्हणाला सायकलवाला. अक्का म्हणाली, "सायकलवाल्याच्या टपात पंक्चर बघताना तुझी चप्पल बुडाली होती, ते टप चक्कीच्या भिंतीशी होतं." अक्काचं खरं निघालं, कारण चक्कीच्या पिठानं पांढरी झालेली ती सायकल धाकट्यालाही आठवत होती. मग होडी दुरुस्त करणारा सुतार. त्याच्या मांडवात आम्ही तासन् तास बसायचो. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस तो पटाशीनं ठोकून भरायचा. त्या ठोकण्याचा आवाज आधी बद्द यायचा आणि फट भरत आली की टणक व्हायचा. तो आवाजावरूनच थांबायचा. बघायची गरज त्याला नव्हती.

बर्फ मुंबईहून यायचा. भुशात गुंडाळलेल्या लाद्या, वर गोणपाट. बोडणीच्या मासळीला लागणाऱ्या त्या बर्फातला एखादा तुकडा हमाल आम्हाला द्यायचा आणि तो घरी नेईपर्यंत हातात फक्त भुसा उरायचा. सकाळच्या लाँचला कोळणींच्या पाट्या, भाजीच्या गोण्या, सुक्या बोंबलांचे भारे, मोसमात पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागच्या या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण आमच्या लेखी तो अंगणात टांगलेला, वासानं कळणारा कांदा. परतीच्या लाँचनं टपालाची थैली, आदल्या रात्री छापलेली वर्तमानपत्रं, औषधं आणि माणसं. एस.टी. धक्क्यावर उभी असायची. लाँच लागल्याशिवाय ती हलत नसे. उतारू बसले की चोंढी-झिराडवरून अलिबागला.

हे सगळं घड्याळावर चालत नव्हतं, तिथीवर चालत होतं. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, आणि गाळ असा की ओहोटीला लाँचला धक्का गाठताना मिनतवाऱ्या. म्हणून हॉटेलवाल्यानं आधण कधी ठेवायचं, हमालांनी कधी यायचं, आजोबांनी दुकान कधी उघडायचं, हे भरतीवर ठरे. हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. शाळेत पाऊणकी आम्हाला कुणी शिकवली नाही. ती आजोबांनी शिकवली, दुकानाच्या पायरीवर बसवून, संध्याकाळी दिवे लागल्यावर. चुकलो तर म्हणायचे, "बोट चुकली तुझी." त्या एका वाक्यानं डोळ्यांत पाणी यायचं, इतकी बोट चुकणं मोठी गोष्ट होती.

आजीचा काळ मात्र दुसऱ्याच बोटीनं मोजला जायचा. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, विहीर कधी खणली, सगळं "रामदासच्या आधी" नाहीतर "रामदासच्या मागनं". 17 जुलै 1947, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावास्येला घरी पोचायचं म्हणून मुंबईचे चाकरमानी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावर रामदासमध्ये चढले. माझी आगबोट कंपनीची बोट. याच कंपनीच्या तुकाराम आणि जयंती 1927 च्या नोव्हेंबरात बुडाल्या होत्या, तरी लोकांना ती आपली कंपनी वाटे. रामदास रेवसला यायला निघाली होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ तुफान लाटांत ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कळायलाही किती तास गेले. रेवसचे कोळी त्या वेळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी टोपल्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि पाण्यातली माणसं होड्यांत ओढून घेतली.

आजी सांगायची, त्या सकाळी आजोबांनी नेहमीसारखं दुकान उघडलं. बोट आली नाही. दुपार झाली, बोट आली नाही. धक्क्यावर बायका उभ्या राहिल्या त्या पावसात तशाच उभ्या. पुढच्या महिन्यात आजोबांनी त्या सालची वही काढली, काही नावांवर आडवी रेघ मारली आणि वही चुलीत घातली. आजीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "बोटीवर देणार होते ना." आजोबांनी हे आम्हाला स्वतः कधी सांगितलं नाही. आम्ही कुणी गटारीला पाण्यावरून प्रवास करत नाही, आणि त्याचं कारण मुलांना सांगायची वेळ या वर्षीच आली.

आजीकडे आणखी एक आठवण होती, तीही आता आमच्याशिवाय कुणाकडे नाही. तिच्या माहेरी, झिराडच्या बाजूला, तेल शनिवार तेल्याकडून यायचं. बेने इस्रायली लोक. त्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून शनिवार तेली. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावं आमच्याच गावांची : झिराडकर, किहीमकर, नवगावकर, आवासकर. भाषाही आमचीच. इस्रायल झाल्यावर हळूहळू घरं रिकामी झाली. आजीची एक मैत्रीण त्यांतली. जाताना तिनं आजीला तेलाचं पितळी माप दिलं. ते आमच्या देवघरात तीर्थाच्या भांड्याशेजारी आहे आणि आजही गौरीपुढच्या समईत तेल त्याच मापानं घातलं जातं.

धाकटा भाऊ नकाशात हल्लीचं काही काढायला तयार नव्हता. त्याचंही बरोबर आहे. मांडव्याला धक्का झाला, गेटवेहून लाँचा तिकडे जाऊ लागल्या, 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो मोटारी घेऊन येते. रेवसची लाँच आहे, खाडीपलीकडच्या करंज्याला जाणारी तर आहे, पण बोट लागली म्हणून गाव उठून धक्क्यावर येत नाही. अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाब्याचा रायगड झाला त्या सुमारास, रेवस-रेड्डी सागरी मार्गाची कल्पना निघाली. तेव्हापासून "पूल होणार" हे वाक्य आम्ही ऐकत आलो. आता करंज्याच्या पुलाच्या कामाला हात लागला आहे. तो व्हावा, मलाही हवा आहे. माझ्या बाबांना छातीत दुखलं त्या रात्री समोर उरणचे दिवे दिसत होते आणि आम्ही पहाटेच्या भरतीची वाट बघत बसलो होतो. धक्क्यावरच्या दुकानांसाठी मी रडते, पण ती रात्र कुणाच्या घरात पुन्हा यावी असं मला वाटत नाही.

नकाशा पुरा झाला तेव्हा त्यात चौदा दुकानं होती. दादानं आमच्या दुकानाच्या चौकोनात काही लिहिलं नाही, नुसती पायरी काढली.

अक्कानं वही मिटली आणि समईच्या वाती सारल्या. उद्या विसर्जन. माझ्या भाचीनं फोन हातात घेतला, भरती कधी आहे ते बघायला.

"ठेव तो," अक्का म्हणाली. "उद्या नवमी. नऊ पाऊण?"

भाची गप्प. मग स्वयंपाकघरातून, भांडी विसळता विसळता, वहिनीचा आवाज आला. ही लग्न होऊन इथं आली ती पुण्याहून, समुद्र न बघितलेली. "पावणेसात," ती म्हणाली. "सहाला निघू घरातून. गौरीला घेऊन हळू चालावं लागतं."