विमानाची वाट आणि वाऱ्याचा हिशेब

दोन विमानतळांमधलं अंतर कायम तेच असतं; प्रवासाचा वेळ मात्र रोज नव्याने काढावा लागतो. फ्लाइट डिस्पॅचर म्हणून माझं काम तेच. माझं गाव जोयडा तालुक्यातलं नंदिगड्डे. तिथून हुबळी गाठायची असो की दाबोळी, रस्ता जंगलातून, घाटातून वळणं घेत जातो. त्यामुळे गावाकडे किलोमीटर कोणी विचारत नाही, 'किती तास लागतील?' एवढंच विचारतात. आकाशातही हाच प्रश्न खरा.

आधी अंतर पाहू. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर फसगत होते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जाते. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. उत्तर ध्रुवापासून बंगळुरू सुमारे 77 अंशांवर, सॅन फ्रान्सिस्को 52 अंशांवर. ध्रुवावरून गेलं तर प्रवास 129 अंशांचा. एका अंशाचे 60 सागरी मैल, एका सागरी मैलाचे 1.852 किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे 14,300 किलोमीटर होतात. ही शहरं ध्रुवाच्या अगदी समोरासमोर नाहीत, म्हणून थेट अंतर थोडं कमी भरतं : 13,993 किलोमीटर.

जानेवारी 2021मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकारी वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवावरून बंगळुरूला आणलं. वेळापत्रकात निघण्याची वेळ होती 9 तारखेची रात्री 8:30, पोचण्याची 11 तारखेची पहाटे 3:45. घड्याळं नुसती वजा केली तर 31 तास 15 मिनिटं येतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं. ते वगळले की उरतात 17 तास 45 मिनिटं. तिकिटावरून वेळ काढताना घरोघरी इथेच गफलत होते.

आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी 900 किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला ताशी 100चा वारा पाठीशी मिळाला, तर 9,000 किलोमीटर 9 तासांत संपतात. तोच वारा समोरून आला तर सव्वाअकरा तास लागतात. वारा नसता तर जाऊन-येऊन 20 तास झाले असते. वाऱ्यामुळे सव्वावीस होतात. जाताना जेवढा वेळ वाचतो, त्याहून थोडा जास्तच येताना जातो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहतं.

म्हणूनच कधी लांबची वाट लवकर पोचवते. ऑक्टोबर 2016मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट जवळपास 1,400 किलोमीटरनी वाढून 15,300वर गेली, तरी पाठीशी वारा असल्याने विमान साडेचौदा तासांत पोचलं; सुमारे दोन तास वाचले.

हा हिशेब चोख हवा, कारण इंधन त्यावरच ठरतं. वाटेचं इंधन, त्यावर थोडी जादा तजवीज, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं आणि शिवाय राखीव 30 मिनिटांचं. कमी भरलं तर धोका. गरजेपेक्षा जास्त भरलं तर ते वजन वाहून नेण्यातच आणखी इंधन जळतं. नकाशावरचा आकडा शोभेला ठीक आहे. शेकडो माणसं सुखरूप उतरतात ती त्या दिवशीच्या वाऱ्याचा नीट विचार झालेला असतो म्हणून.