चौथं तिकीट

नोकरीमुळे मी पुण्यात असलो, तरी पौषातल्या बोडगेश्वराच्या जत्रेला म्हापशाला जायचंच, हा आमच्या घरचा नियम. राखणदाराला नमस्कार करायचा, खाजं घ्यायचं आणि मग मुलीचा हात धरून पाळण्यांकडे वळायचं. यंदा मोठ्या पाळण्याखाली उभी राहून ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही याच्यापेक्षा भारी कशात बसलायत?"

"बसलोय की! एस्सेल वर्ल्डमध्ये."

"मग मला पण न्या."

मी रांगेतच फोन काढून तिकिटं शोधायला लागलो, तेव्हा कळलं की एस्सेल वर्ल्ड बंद झालंय. शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालू आहे.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. धाकट्यांसाठी सांगतो. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झालं होतं, पण गोव्यातल्या मुलांना दिल्ली फार लांब. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडलं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतून ते थेट आमच्या घरात शिरलं. वर्गातल्या प्रत्येकाला ती जाहिरात पाठ होती. प्रत्यक्ष जाऊन आलेला मात्र एकही नव्हता.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही थिवीला कोकण कन्या पकडली आणि बोरिवलीला मामाकडे गेलो. एका सकाळी आई, बाबा, ताई आणि मी गोराईच्या खाडीतून बोटीने पलीकडे पोहोचलो. तिकीट खिडकीवर बाबांनी फलक वाचला, पाकीट काढलं आणि तीन तिकिटं घेतली. "मला पाळण्यात चक्कर येते. तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळतो."

आम्ही दिवसभर आत होतो. झिपर डिपरमध्ये दोनदा बसलो. संध्याकाळी बाहेर आलो, तर बाबा सकाळच्याच जागी बसले होते, हातात वर्तमानपत्राचा पंखा. परतीच्या बोटीत ते एकेका पाळण्याबद्दल विचारत राहिले. "उलटं झाल्यावर खिशातले पैसे पडत नाहीत काय रे?" मला तेव्हा हसू आलं होतं.

असो. तर रांग पुढे सरकत नव्हती, म्हणून मी पाळण्यांविषयीच वाचत बसलो. पहिला महाकाय पाळणा जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभारला. आयफेल टॉवरला तोडीस तोड म्हणून. उंची २६४ फूट, ३६ डबे, एका वेळी दोन हजारांहून जास्त माणसं. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, तो सुरुंग लावून पाडला आणि भंगारात घातला. अप्पू घरही २००८ मध्ये बंद झालं. कायमचं म्हणून जे बांधलं ते गेलं, आणि आमच्या जत्रेतला पाळणा, जो दर वर्षी सुटा होऊन ट्रकवर चढतो, तो दर वर्षी परत येतो. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला पुढची जत्रा गाठायची असते ना."

आमची पाळी आली. मुलीने आजोबांचा हात धरला.

"अगं, आजोबांना चक्कर येते," मी म्हटलं.

बाबा काहीच बोलले नाहीत. सरळ जाऊन तिच्या शेजारी बसले. मी समोर बसलो. खालचे लोक चढेपर्यंत पाळणा वर थांबला, तेव्हा मी दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि बाबा वाकून नातीला दाखवत होते, "तो बघ बाजार. आणि तिकडे आपलं घर."

"बाबा, चक्कर?"

"मला कधीच चक्कर आली नाही रे," ते बाहेर बघत म्हणाले. "चौथं तिकीट काढलं असतं, तर जूनमध्ये तुमच्या पुस्तकांना पैसे कमी पडले असते."

पाळणा खाली येऊ लागला. मला काय बोलावं ते सुचलं नाही. वीस-पंचवीस वर्षं मी घरात सगळ्यांना सांगत आलो होतो की बाबांना पाळणा चालत नाही. एकदाही त्यांना विचारलं नव्हतं.

आता एस्सेल वर्ल्ड नाही, त्यामुळे तिथे नेऊन ते तिकीट भरून काढता येणार नाही. पण तुम्हा सगळ्यांना एक सांगावंसं वाटतं. घरातल्या मोठ्यांनी "मला नको", "मला आवडत नाही" म्हटलेल्या गोष्टी एकदा आठवून बघा. त्यातल्या किती त्यांना खरंच नको होत्या, ते त्यांनाच विचारा.

खाली उतरल्यावर मुलगी म्हणाली, "अजून एकदा." मी बाबांकडे पाहिलं. ते पुन्हा रांगेत जाऊन उभेही राहिले होते.