मनीऑर्डर चुकलेला महिना

मालवणच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांना दंग्याधोप्यांच्या आठवणी विचारल्या, की ती मुंबईचं बोलतात. गोळीबार परळला झालेला असतो, कर्फ्यू लालबागला लागलेला असतो आणि सांगणारी बाई तेव्हा देवबागेत चुलीपुढे बसलेली असते. तरी ती सांगते, आणि अधिकाराने सांगते. कर्ता पुरुष गिरणीत, म्हातारी-पोरं गावात आणि मधे दर महिन्याची मनीऑर्डर, असा संसार ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या केला, त्यांना मुंबईची दंगल परकी नसतेच.

थोरल्या काकीला 1956 चा जानेवारी आठवतो, पण जानेवारी म्हणून नाही. 16 तारखेला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं, शहर पेटलं, मोरारजी देसाईंच्या राज्यात पोलिसांनी पुढचे कितीतरी दिवस गोळ्या चालवल्या, यातलं काही तेव्हा तिच्या कानावर आलं नव्हतं. ती नुकती लग्न होऊन आलेली, सोळा-सतरा वर्षांची. तिला आठवतो तो दारावरून न थांबता पुढे गेलेला पोस्टमन. "त्या म्हयन्याची मनीऑर्डर इलीच नाय," ती म्हणते. "मुंबयत काय झाला ता माका काय म्हायत? तांदूळ सरले, ता म्हायत."

मग ती बंदरावर गेली. एकटी नाही, वाडीतल्या चौघीजणी मिळून. त्या काळी आगबोट मालवणला धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होड्यांतून किनाऱ्यावर येत. या बायका पुळणीवर उभ्या राहून उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होत्या: तू खयच्या चाळीतलो? कुणी डिलाईल रोडचा निघे, कुणी शिवडीचा. नेमका आपल्या चाळीतला माणूस काही होडीतून उतरत नव्हता. आठवडाभराने कार्ड आलं. काका सुखरूप होते. गिरणी बंद पडली, टपाल रखडलं, एवढंच. पण त्या आठवड्यात ते खोलीत बसून होते की रस्त्यावर होते, हे काकांनी मरेपर्यंत सांगितलं नाही आणि काकीने विचारलं नाही. मी विचारलं असतं. मला विचारायचं सुचलं तेव्हा काका नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा आकडा आधी 105 सांगत, पुढे तो 106, 107 झाला. म्हणजे जी माणसं गोळी लागून पडली, त्यांची मोजणीसुद्धा एका दमात झाली नाही. त्या महिन्यात कुणाच्या घरचे तांदूळ सरले याची मोजदाद कोण ठेवणार?

असल्या गोष्टी विचारण्याची एक रीत असते, ती हळूहळू कळते. 'तेव्हा काय झालं?' असं थेट विचारलं, की माणूस वर्तमानपत्रासारखं बोलायला लागतो. त्याने वाचलेलं, भाषणांत ऐकलेलं सगळं त्यात येतं. 'तेव्हा घरात काय शिजत होतं?' असं विचारावं. 'कपडे कुठे वाळत घालायचात?' विचारावं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्याच तोंडून शंभर वर्षांचा इतिहास मांडला, तो वाचताना जाणवतं, की मोठ्या सभांपेक्षा खोलीत किती जण निजत हेच माणसांना नीट आठवतं.

बांद्याच्या आत्तेला मात्र असलं काही विचारावं लागत नाही. 15 ऑगस्ट 1955 म्हटलं की ती सुरू होते. ती तेव्हा दहा वर्षांची. पाऊस, चिखल, आणि गोवा सोडवायला घरावरून पत्रादेवीच्या दिशेने गेलेले सत्याग्रही. त्यांच्यात फेटेवाले पंजाबी होते, हिंदी बोलणारे होते, आणि तिच्या आईने त्यांना वाडग्यांतून पेज दिली. पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात पंजाबचा तरुण कर्नेलसिंग पडला. त्याच दिवशी रेडीपलीकडच्या तेरेखोल किल्ल्यावर हिरवे गुरुजी मारले गेले. हे सगळं आत्ते घडाघडा सांगते. पूर्वी ती म्हणायची, गोळ्यांचा आवाज भावाने ऐकला. आता म्हणते, "मी ऐकलंय." मी दुरुस्त करत नाही. पत्रादेवीला स्मारक आहे, तिथे दर वर्षी फुलं वाहतात, भाषणं होतात; इतकी वर्षं ऐकून ऐकून तो आवाज तिच्याही कानात शिरला असेल.

तिच्याकडून खणून काढावी लागते ती पुढची गोष्ट. हद्द बंद झाली. बांद्याचं आणि पेडण्याचं सोयरिकीचं नातं, लेकी इकडून तिकडे दिलेल्या, आणि मधे आता परवाने, पहारे. पेडण्याला दिलेली तिची आत्या आपल्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाला येऊ शकली नाही. ओटी भरायला ठेवलेलं खणाचं कापड तसंच फडताळात राहिलं. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौज गोव्यात गेली, हद्द उठली, तोवर त्या भाच्याला दोन मुलं झाली होती. याला स्मारक नाही. आत्तेला यात सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नाही.

मामांची गोष्ट 1982 ची. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि पुढारी दत्ता सामंत. मामा यावर रात्रभर बोलतात. ऑगस्टात पोलिसांनीच बंड केलं, गिरणीकामगार रस्त्यावर आले, लष्कर बोलवावं लागलं, तो दिवस ते उभं राहून, हातवारे करून सांगतात. त्याआधी पावसाच्या तोंडाला ते गावी येऊन भात लावून गेले होते. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि नव्या जिल्ह्यात रोजगार येणार म्हणून सगळे बोलत होते. आला तो शहराकडून परतलेला बेकार गिरणीवाला. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे मामांच्या बोलण्यात तो अजूनही 'चालू' असतो. मी हसतो, ते हसत नाहीत.

मामीला सामंतांचं भाषण आठवत नाही. ती लालबागला खानावळ चालवायची, गावातले पंधरा-वीस गडी तिच्याकडे जेवत. संपात त्यांची उधारी थकली. वाण्याचं देणं तिच्या अंगावर आलं, बांगड्या गेल्या. प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ अशाच खानावळवाल्या बायकांना कर्ज मिळवून देण्यासाठी 1975 मध्ये उभं राहिलं होतं, पण मामीपर्यंत ते पोचलं नाही. कुणी पुढे किती वर्षांनी पैसे आणून दिले आणि कुणी वाट बदलून जातो, हे ती नावानिशी सांगते. ती नावं मी इथे लिहीत नाही. त्यातले दोघे अजून गावात आहेत.

आणि मग 1992-93. इथे सगळं अडतं.

1956 विचारताना मला अभिमान मिळतो, 1955 ला फुलं, 1982 ला संताप. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईतल्या दंगलींबद्दल विचारलं, की मामा पान लावायला घेतात. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले: 575 मुसलमान, 275 हिंदू, उरलेल्यांची ओळख पटली नाही किंवा ते आणखी कुणी. आयोगाचा अहवाल आहे, पण चौकात उभं करता येईल असं त्यात काही नाही. मामा फक्त इतकं सांगतात, की गावी फोन लागत नव्हता, मग बूथवर रांग लावून शेजारच्या दुकानात निरोप ठेवला. तिथपर्यंत गोष्ट काकीच्या गोष्टीसारखीच आहे: इकडे वाट पाहणारे, तिकडे अडकलेले. पुढे ती तशी राहत नाही. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "रातचा कोण तरी दार वाजवी होतो. आम्ही दार लावलेला."

कोण होतं, मी विचारलं.

"आता ता उकरून काय करूचा?"

आमच्याकडे हे उत्तर शहाणपणाचं मानतात. मला ते पटत नाही. पोर्तुगीजांनी काय केलं, मोरारजींनी काय केलं, हे आम्ही नातवंडांना उत्साहाने सांगतो. मग आमच्याच मजल्यावर, आमच्याच कडीमागे काय झालं, ते कशाने उकरणं ठरतं? तेव्हाची माणसं काही दूरच्या इतिहासातली नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होतो. उद्या माझी भाची मला विचारेल, तेव्हा मीही पान लावायला घेईन की काय, ही धास्ती मला आहे.

मामा आत गेल्यावर मामीने तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हटलं, की दारापाशी ती होती, मामा नव्हे. मी वही काढली, तशी तिने हात आडवा केला. घरात सुना होत्या, नातवंडं होती, मुंबईहून आलेल्या पिशव्या अजून उघडायच्या होत्या.

"चवथ जावंदे," ती म्हणाली. "पोरां मुंबयक परत गेली की ये. मगे सांगतंय."