बुधवार पेठेंतील योगशास्त्र

ध्यान, समाधि, कुंडलिनी इत्यादि विषयांवर कांहीं वाचावें असें मनांत आलें, कीं आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ हल्लीं प्रथम इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत शिरतो. तेथें गुळगुळीत वेष्टनांचीं पुष्कळ पुस्तकें असतात, आणि त्यांतील कांहीं चांगलींही आहेत. परंतु ज्या मूळ ग्रंथांच्या आधारावर तीं उभीं आहेत, ते ग्रंथ जेथून छापून निघाले अशी एक जागा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून हांकेच्या अंतरावर आहे, हें दर जूनमध्यें क्रमिक पुस्तकांसाठीं त्या चौकांत गर्दी करणाऱ्या मंडळींस क्वचितच ठाऊक असतें.

ती जागा म्हणजे आनंदाश्रम. मुंबई हायकोर्टांत वकिली करणारे महादेव चिमणाजी आपटे यांनीं ती १८८८ सालीं स्थापिली, आणि संस्कृत पोथ्या मिळविणें व त्या शुद्ध करून छापणें या कामीं आपलें द्रव्य वेंचिलें. १८९४ सालीं ते वारले. पुढें कारभार पाहिला तो त्यांचे पुतणे, सुप्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनीं. ग्रंथमालेंत पहिला मान गणपत्यथर्वशीर्षास मिळाला, हें पुण्यास शोभेसेंच झालें!

मला पाहावयाचा होता तो सत्तेचाळिसावा ग्रंथ. काशीनाथशास्त्री आगाशे यांनीं शोधून सिद्ध केलेलीं हीं पातंजल योगसूत्रें १९०४ सालीं निघालीं. सोबत व्यासभाष्य, त्यावरील वाचस्पतिमिश्रांची टीका आणि भोजदेवाची वृत्ति. सूत्रें अवघीं १९५, पण ग्रंथ चांगला जाड. दोन-तीन शब्दांचें सूत्र, त्याखालीं भाष्य, भाष्याखालीं टीका, आणि तळाशीं पाठभेद. चित्त एका स्थळीं बांधणें ती धारणा, त्याच स्थळीं प्रत्ययाचा अखंड ओघ चालणें तें ध्यान, इतकेंच सांगून सूत्रकार पुढें जातात. ज्या गोष्टीस नवीन पुस्तकें शंभर पृष्ठें घेतात, ती येथें एका ओळींत आहे. मात्र ती ओळ उलगडावयास आठवडा लागतो.

परंतु माझें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीकडे. या मालेंतील पुष्कळ ग्रंथांच्या आरंभीं ‘आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका’ नांवाची एक यादी असते. क, ख, ग अशा खुणा करून, कोणती पोथी कोणत्या गांवच्या कोणत्या गृहस्थांकडून आली, याची ती नोंद. म्हणजे ज्या ग्रंथांना आपण गुहेंतील किंवा हिमालयांतील समजतों, त्यांतील कित्येक आपल्यासारख्यांच्याच माळ्यावरून, रुमालांतून बाहेर पडले आहेत. कोणी तरी ती पोथी दिली, म्हणून ग्रंथ राहिला. ज्यांनीं दिली नाहीं, त्यांची नोंद अर्थातच कोठें नाहीं.

परतींच्या वाटेवर लोणावळ्यास उतरलों. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम काढलें, आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू करून आसन-प्राणायामांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनीं मोजण्यास आरंभ केला. ग्रंथशोधनही तेथें चाललें. स्वामी दिगंबरजी व पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं सिद्ध केलेली ‘हठप्रदीपिका’ १९७० सालीं तेथून निघाली. गंमत अशी, कीं ही विद्या झांकून ठेवावी असें त्या ग्रंथांतच बजावलें आहे, आणि तो ग्रंथ आज कोणीही दाम मोजून घेऊन जातो. जुन्या वळणाच्या माणसास हें रुचणार नाहीं. मला मात्र वाटतें, कीं तो छापला नसता, तर आमच्या घरच्या सुनांना व मुलींना कोणत्या गुरूनें तो वाचूं दिला असता?

हें सर्व मनांत घोळण्यास कारणही तसेंच होतें. आमचा गांवचा वाडा या वर्षीं विकला जाणार आहे. माळ्यावर तांबड्या रुमालांत बांधलेली पणजोबांची एक पोथी आहे. दसऱ्याला तिच्यावर गंधाक्षता पडतात आणि ती पुन्हां वर जाते. ती एखाद्या ग्रंथसंग्रहास द्यावी असें माझें मत. काकूंचें म्हणणें, घराण्याची सरस्वती परक्या दारीं पाठवूं नये. वडील मंडळींनीं दोन्ही बाजूंनीं मान डोलावली, म्हणजे निर्णय कांहींच झाला नाहीं.

घरीं येतांच काकूंना त्या यादीची हकीकत सांगितली. त्यांनीं एवढेंच विचारलें, “यादींत बायकांचीं नांवें होतीं का रे?” मला उत्तर देतां येईना. थोड्या वेळानें त्यांनीं स्वतःच माळ्याची शिडी लावावयास सांगितलें व माजघरांत स्वच्छ पंचा अंथरून रुमाल सोडला. कडेचीं पानें कसरीनें चाळणीसारखीं केलीं होतीं. मधलीं शाबूत होतीं. पोथी घरांतच राहावी, पण प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन तें अभ्यासकांस द्यावें, असें आतां ठरलें आहे. पानें उलटण्याचें काम काकू दुसऱ्या कोणाला करूं देत नाहींत. काल संध्याकाळपर्यंत एकोणतीस झालीं.