सात मंडळ्यांचं टपाल

नगर, रविवार दुपार

चि. बाळ यास,


तू पाठवलेला तक्ता पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. रंग छान दिलेत. 1948 ला इस्राएल राष्ट्र झालं, त्यात एका पिढीची ऐंशी वर्षं मिळवली, आणि खाली लाल अक्षरात प्रभूच्या येण्याचं साल, 2028. मंडळी मात्र सात वर्षांच्या महासंकटाआधीच उचलली जाणार, असंही त्याच तक्त्यात लिहिलंय. मग वजाबाकी कर की. 2021 येतं. तुमचे उपदेशक ब्रदर अजून पिंपरीतच आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं का?

मी उत्तर देणार नव्हते. पण फोनवर तू म्हणालास, ‘तुम्हा जुन्या मंडळीवाल्यांना प्रभू यायला नकोच आहे.’ ते लागलं. रोज दिवेलागणीला त्याचं राज्य येवो म्हणून मी गुडघे टेकते, आणि ते तू लहानपणी माझ्या शेजारी बसून पाहिलंयस. येणं मला हवंच आहे. तारीख नको आहे.

तारखेचं हे खूळ तुमच्या ब्रदरांचं नाही, उसनं आहे. हॅल लिंडसी नावाच्या अमेरिकन लेखकाचं पुस्तक 1970 ला आलं आणि प्रचंड खपलं. पिढी म्हणजे साधारण चाळीस वर्षं, असा त्याचा सूर होता. 1948 आणि चाळीस, झाले 1988. मग एडगर व्हिझनंट नावाच्या माजी इंजिनिअरनं 1988 साठी अठ्ठ्याऐंशी कारणांची पुस्तिका काढली. ते वर्ष सरलं तेव्हा त्यानं 1989 सांगितलं. पुढच्यांनी पिढी सत्तरची केली, आता तुम्ही ऐंशीची. पोर वाढेल तशी परकराची दुमड सोडत जावी, तसं चाललंय.

आणि हे सगळं कशावर उभं? मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडावर. अंजीर म्हणजे इस्राएल, ही तुमची किल्ली. लूकाचा एकविसावा अध्याय उघड. तिथं तोच दृष्टांत आहे, पण प्रभू अंजिराबरोबर इतर सगळ्या झाडांकडेही बोट दाखवतो. ती कुठली राष्ट्रं, ते ब्रदरांना विचार.

मत्तयाच्या त्या अध्यायाची सुरुवात तरी नीट वाच. शिष्य यरुशलेमच्या मंदिराचे दगड कौतुकानं दाखवतात, प्रभू म्हणतो हे सगळं पाडलं जाईल, ते विचारतात कधी. ही पिढी सरण्याआधी, असं उत्तर येतं. त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी, इसवी सन 70 मध्ये, तीताच्या रोमी सैन्यानं ते मंदिर जाळलं. म्हणून कित्येक अभ्यासक म्हणतात की त्या अध्यायातलं पुष्कळसं तेव्हाच पुरं झालं. काही म्हणतात, सगळंच पुरं झालं. ते मला पटत नाही, मग आपण रविवारी प्रभुभोजन घेताना कुणाची वाट पाहतो? पण तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे त्याच अध्यायात आहे. तुमच्या तक्त्यात ती ओळ नाही. जागा नव्हती वाटतं.

आता माझं जुनं पालुपद, तुला पाठ असेल. प्रकटीकरण हे टपाल आहे. पात्म बेटावरून योहानानं ते आसियातल्या सात मंडळ्यांना पाठवलं. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. खरी गावं, आजच्या तुर्कस्तानात त्यांचे अवशेष आहेत. कुणाचा छळ होत होता, कुणी पैशानं सुस्तावलं होतं. ते पत्र नीरोच्या काळी, सत्तर सालाआधी लिहिलं, की डोमितियनच्या अखेरीस, पंचाण्णवच्या सुमारास, यावर आजही वाद आहे. इरेनियसची दुसऱ्या शतकातली साक्ष डोमितियनच्या बाजूची आहे, मीही तिकडेच झुकते. नीरोवाल्यांचा मुद्दाही हलका नाही. ‘नीरो कैसर’ इब्री अक्षरांत लिहून त्यांचे आकडे मिळवले की श्वापदाची संख्या, 666, भरते. काही जुन्या प्रतींत 616 आहे, तोही नीरोच्याच नावाच्या दुसऱ्या लेखनातून निघतो. कुठलाही पक्ष घे, पण स्मुर्णाच्या माणसाला, ज्याला उद्या तुरुंगात टाकणार होते, योहान बारकोड आणि एटीएम कार्डाबद्दल लिहीत बसला होता? त्या माणसाला त्या पत्रातून काय मिळालं, हे आधी सांगा. मग श्वापद शोधा.  

तारीख काढणाऱ्यांचं पुढं काय होतं, तेही ऐक. विल्यम मिलर नावाचा न्यूयॉर्क राज्यातला एक शेतकरी होता. लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगते. वर्षानुवर्षं शास्त्र वाचलं, दानीएलच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे तितकी वर्षं धरली, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजली आणि 1843 वर आला. मग ध्यानात आलं की इसवी सनाला शून्य साल नाही, एक वर्ष पुढं सरकलं. त्याच्या एका अनुयायानं 22 ऑक्टोबर 1844 हा दिवसच नेमला. लोकांनी शेतातलं पीक काढलं नाही. रात्रभर वाट पाहिली. सकाळी रडले.

त्या रडणाऱ्यांतल्याच काहींनी पुढं 1863 ला सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची संघटना बांधली. तुझ्या पुण्यातलं औंधचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. प्रभू लवकर येणार, हे ते आजही शिकवतात. पण तारीख सांगत नाहीत. जगभर शाळा, कॉलेजं, दवाखाने चालवतात.

हे सगळं मी का लिहितेय, तू ओळखलंच असशील. तुझ्या धाकट्या लेकीचा काल फोन आला होता. तुझी तक्रार करायला नाही केला, तिच्यावर ओरडू नकोस. आर्किटेक्चरला तिचा नंबर लागलाय आणि तू म्हणतोस, पाच वर्षांचा कोर्स कशाला, तेवढी वर्षं उरलीत कुठं. बाळ, हे ऐकून माझा हात कापला. थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झालं होतं. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच, अशी आवई उठली, तीही पौलाच्या नावावरच्या पत्राचा हवाला देऊन. म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही होते. काही जण कामधंदा सोडून गावभर लुडबुडत होते. पौलानं त्यांना तक्ता नाही पाठवला. कामाला लागा म्हणाला, काम न करणाऱ्याला जेवू घालू नका म्हणाला. दुसरं पत्र, तिसरा अध्याय. आज रात्री घरात मोठ्यानं वाच, आणि तिलाच वाचायला दे.

2028 येईल आणि जाईल. तू नवा तक्ता घेशील, माणसं घेतातच. तिची गेलेली सीट मात्र कुणी परत देणार नाही. तिच्या आईनं तुला हे सांगितलं असतं, पण ती बोलत नाही, हेही मला दिसतं.

शुक्रवारच्या आत फी भर आणि पावतीचा फोटो पाठव. पैशाची अडचण असेल तर आडपडदा ठेवू नकोस, माझी ठेव आहे.

तुझी,
आत्या

ता. क. ब्रदरांना माझा सलाम सांग. त्यांनी नवा फ्लॅट घेतलाय म्हणे. कर्ज किती वर्षांचं आहे, तेवढं सहज विचार.