टोपीवाली सुपारी

नैनितालला जाणारे लोक तलाव पाहतात. नाताळच्या सुट्टीत मी मात्र चढावरच्या बांज वृक्षांखाली रेंगाळलो. बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याचे फळ दिसते टोपी घातलेल्या सुपारीसारखे. आपल्या सह्याद्रीत ओक नाही, म्हणून नवल अधिक.

हे कूळ फार जुने. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ मिळालेले ओकचे परागकण सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात क्लार्नो येथे तर दगड झालेली फळेच सापडली, सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षांची. आज जगात ओकच्या चारशेहून अधिक जाती आहेत.

एवढे जड फळ वाऱ्याने उडत नाही, आणि पार वाळले तर रुजत नाही. खारी आणि काही पक्षी ते हिवाळ्याच्या बेगमीसाठी पुरतात; खायचे राहून गेले की तिथे झाड उगवते.

कुमाऊंची माणसे सांगतात, बांज तिथे पाणी. पण चारा-सरपणासाठी फांद्या तुटतात आणि मोकळ्या जागी चीड पसरतो. कूळ कोट्यवधी वर्षांचे असेल. गावच्या झऱ्याला मात्र आजचा बांज हवा.