प्रायमर नावाची टिकली

दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली कोणाला माहीत नाही? हातोडी पडली की फट्, आणि मागे तो वास. खऱ्या काडतुसाच्या बुडाशीही मधोमध अशीच टिकलीएवढी धातूची एक वाटी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की पिन त्या वाटीवर आदळते, आतलं मिश्रण पेटतं, ज्वाळा बारीक भोकातून दारूपर्यंत पोचते आणि गोळी सुटते. आमच्या खानापूरकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. त्यांना लागणारी तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे 'केप', याच कुळातली.

या कुळाचा मूळपुरुष एक पाद्री होता, हे ऐकून मला गंमत वाटली. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथला शिकारीचा नाद. गारगोटीच्या बंदुकीत आधी ठिणगी उडायची आणि ती दिसताच पक्षी भुर्रकन पळायचे. म्हणून आघाताने पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती त्याने काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं.

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं ते मागच्या वर्षी, ओहायोत भाच्याकडे दोन महिने राहिलो तेव्हा. तो रविवारी नेमबाजीला जातो आणि काडतुसं घरीच भरतो. आपल्याला ऐकूनच धडकी भरते, पण तिकडे स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. पितळी टरफल पुन्हा पुन्हा वापरता येतं. दारू, गोळी आणि प्रायमर मात्र दर वेळी नवे. एका शनिवारी "मामा, चल, प्रायमर आणू," म्हणाला. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. दीड तास गेला.

कारण ही चिमुकली वस्तू चार मुख्य जातींची असते. पिस्तुलाची लहान आणि मोठी, रायफलची लहान आणि मोठी. लहानांचा व्यास 0.175 इंच, मोठ्यांचा 0.210. दोन्ही लहान मापाला सारख्याच, डोळ्यांनी फरक कळत नाही. पण रायफलमध्ये दाब जास्त म्हणून तिच्या प्रायमरची वाटी जाड पत्र्याची. पिस्तुलाची पातळ वाटी रायफलमध्ये घातली तर फुटून गरम वायू मागे येऊ शकतो. मोठ्यांत तर उंचीही वेगळी. रायफलचा मोठा प्रायमर पिस्तुलाच्या टरफलात पूर्ण बसत नाही, किंचित वर राहतो, आणि वर राहिलेला प्रायमर म्हणजे नको तेव्हा बार उडायची भीती. शिवाय पेटायला जड जाणाऱ्या दारूसाठी जास्त जोरकस 'मॅग्नम' प्रकार आहेच.

भाच्याच्या हातात भरणीचं जाडजूड पुस्तक होतं. त्यात कोणती गोळी, कोणती दारू किती आणि कोणत्या कंपनीचा प्रायमर, हे सगळं लिहिलेलं. त्याला हवा होता सीसीआयचा, फळीवर होते फेडरल आणि विंचेस्टरचे. दुकानदार म्हणाला, जात तीच आहे, चालेल. भाच्याने मान हलवली. प्रायमर बदलला की दाबही बदलू शकतो, मग दारूचं माप कमी करून पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. तो रिकाम्या हाताने बाहेर पडला. एरवी हा मुलगा चहात साखर किती घातली तेही विसरतो! मला त्याचं खरंच कौतुक वाटलं.

पुढे त्याने ऑनलाइन मागवले. शंभराची ताटली, दहा ताटल्यांचा हजाराचा खोका. स्फोटक माल म्हणून पाठवणीला वेगळं शुल्क पडतं, त्यामुळे दोन-तीन मित्र मिळून एकदम मागवतात. 2020-21च्या टंचाईत तीस-चाळीस डॉलरचा खोका शंभराच्या वर गेला होता, म्हणे. म्हणून साठा करायचा मोह होतो. पण तिकडच्या अग्निसुरक्षेच्या मानकात घरासाठी दहा हजारांची मर्यादा आहे. आणि ते मूळच्या ताटलीतच ठेवायचे. सुटे करून बरणीत ओतले तर एकाबरोबर सगळे उडू शकतात. मिश्रणात शिशाचं संयुग असतं, म्हणून काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय त्याची बायको त्याला बाळाला घेऊ देत नाही. बरोबर करते.

मी निघायच्या आठवड्यात त्याने ठासणीच्या बंदुकीच्या केपांची एक डबी माझ्यापुढे ठेवली. "बाबांसाठी ने. तिकडे मिळत नाहीत म्हणून सारखे कुरकुरतात." भाऊजी कुरकुरतात, हे खरंच. शंभर केपांची डबी, वजन जेमतेम. पण मी सरळ नाही म्हटलं. विमानात त्या ना हातातल्या पिशवीत चालतात, ना मोठ्या बॅगेत. आणि आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच. भाऊजींचा परवाना त्यांच्या बंदुकीचा, माझ्या बॅगेचा नव्हे. "एवढ्याशा टिकलीला कोण विचारतं?" तो थोडा रागावला. मी विचारलं, "विचारलं, तर ताईला फोन तू करणार की मी?" तेव्हा डबी कपाटात गेली.

तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हौस म्हणून कोणी नेमबाजीला नेतं आणि आठवण म्हणून एखादं रिकामं टरफल खिशात राहतं. आपल्या विमानतळावर तेवढ्यावरूनही प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. निघायच्या रात्री भाच्याने मला स्वतःचं जाडं जाकीट दिलं, विमानात थंडी वाजते म्हणून. मी त्याच्यासमोरच सगळे खिसे उलटे केले. आतल्या खिशातून दोन पितळी टरफलं टणकन फरशीवर पडली.

भाऊजी अजूनही केपांसाठी परवाना घेऊन बेळगावच्या दुकानात खेपा घालतात, आणि कुरकुरतात.